पक्षी, वाघ, डोंगर आणि एडिटिंग : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

सुट्टी मिळाली की मी कॅमेरा घेऊन बाहेर असतो. हिवाळ्यात भिगवण, अधूनमधून सासवड-सुप्याकडची माळरानं, पावसाळ्यात घाट आणि जमलं तर उन्हाळ्यात एकदा ताडोबा. नोकरी सांभाळून केलेला छंद आहे. फोटो बघून ऑफिसातले लोक, भाऊबंद, मित्रांचे मित्र सगळे साधारण तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. तुम्ही पुण्याच्या आसपासचे नसाल तर भिगवणच्या जागी तुमच्या गावाजवळचं तळं किंवा धरण धरा, बाकी सगळं तसंच लागू पडतं.

कुठला कॅमेरा घेऊ?

आधी हे ठरवा की जास्त काय काढणार आहात, कारण डोंगर-धबधबे आणि पक्षी-प्राणी ह्यांना लागणारं सामान एकदम वेगळं आहे. लँडस्केपसाठी (म्हणजे निसर्गदृश्यांसाठी) दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), त्याच्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स आणि बऱ्यापैकी घट्ट ट्रायपॉड एवढं पुरतं, अगदी खरंच पुरतं. पक्ष्यांसाठी मात्र लांबची लेन्स लागते आणि तिथेच सगळा पैसा जातो. ३०० एमएम ही सुरुवात, ४०० ते ६०० असेल तर बरं. बजेट मर्यादित असेल तर बॉडी स्वस्तातली घ्या आणि पैसे लेन्सवर घाला, उलटं केलेले बरेच लोक नंतर हळहळताना बघितलेत. क्रॉप सेन्सरला (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरला) नावं ठेवू नका, पक्ष्यांसाठी तो फायद्याचाच आहे, दीडपट क्रॉपवर ४०० ची लेन्स ६०० सारखी दिसते.

मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घ्यावा का, तर जमत असेल तर हो. पक्ष्याचा डोळा आपोआप पकडणारा फोकस हा खरोखर मोठा फरक आहे, उडत्या पक्ष्यांचे आधी दहातले दोन फोटो शार्प यायचे तिथे आता सहा-सात येतात. पण लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर आणि १५०-६०० च्या लेन्स सेकंडहँडमध्ये बऱ्याच कमी किमतीत मिळतायत, नवीन माणसासाठी मला तोच रस्ता जास्त पटतो.

निकॉन पी९०० किंवा पी१००० सारखे मोठ्या झूमचे कॅमेरे पण बरेच जण विचारतात. पी९०० चा झूम ८३ पट आहे, पी१००० चा १२५ पट. भरपूर उजेडात, बसलेला पक्षी ओळखण्यापुरता फोटो मस्त येतो. पण सेन्सर छोटासा असल्यामुळे पहाटे किंवा झाडीत त्यांचा जीव जातो आणि नेमकं पहाटेच तर सगळं घडत असतं.

नुसत्या मोबाईलवर होईल का?

लँडस्केप होईल, आणि उत्तम होईल. प्रो मोड असेल तर रॉ मध्ये (म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाईलमध्ये) काढा, डिजिटल झूम वापरू नका, लेन्स रुमालाने पुसा (निम्मे धूसर फोटो बोटाच्या तेलामुळे असतात) आणि छोटा ट्रायपॉड घ्या. पक्ष्यांसाठी मोबाईल नाही पुरत. दुर्बीण घ्या त्यापेक्षा, आणि एक वर्ष नुसतं बघा. हे मी टाळाटाळ म्हणून सांगत नाहीये, ज्यांनी आधी दुर्बिणीने पक्षी बघितलेत त्यांचे फोटो नंतर फार लवकर सुधारतात, कारण पक्षी आता काय करणार आहे हे त्यांना कळतं.

सेकंडहँड लेन्स घेताना काय बघायचं?

बुरशी. मोबाईलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समधून मारा आणि पुढून तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. मग झूमची रिंग सगळीकडे सारखी फिरते का, ऑटोफोकस अडकतो का, ते बघा. आपल्याकडे कोकणात किंवा मुंबईत राहिलेली लेन्स असेल तर जास्तच बारकाईने बघा.

माझे पक्ष्यांचे फोटो शार्प का येत नाहीत? लेन्स खराब आहे का?

हा प्रश्न आला की मी आधी विचारतो, फोटो किती वाजता काढला आणि पक्षी किती लांब होता. लेन्स बहुतेक वेळा ठीक असते.

पहिलं कारण शटर स्पीड. बसलेल्या पक्ष्याला सुद्धा १/५०० सेकंदाच्या खाली जाऊ नका, उडणाऱ्याला १/२००० तरी ठेवा, छोटे पक्षी म्हणजे वेडा राघू वगैरे असेल तर १/३२०० पण कमी पडतो. लोक आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) वाढायला घाबरतात आणि १/२०० वर फोटो काढतात, मग तो हललेला फोटो घरी येऊन कितीही शार्पनिंग केलं तरी सुधारत नाही. दाणे आलेला फोटो साफ करता येतो, हललेला येत नाही.

दुसरं कारण अंतर. पक्षी फ्रेममध्ये मुंगीएवढा असेल तर क्रॉप करून पिसं दिसणार नाहीतच. जवळ जाणं हाच उपाय, आणि जवळ जाणं म्हणजे त्याच्या मागे चालत जाणं असं नाही, तो जिथे येणार आहे तिथे आधीपासून गप्प बसून राहणं.

तिसरं कारण फार कमी लोकांना माहीत असतं, ते म्हणजे गरम हवेची थरथर. भिगवणला हिवाळ्यात सुद्धा साडेनऊ-दहानंतर पाण्यावर आणि चिखलावर ऊन तापायला लागलं की हवा लहरायला लागते, डांबरी रस्त्यावर उन्हाळ्यात दिसते ना तशीच, फक्त डोळ्यांना जाणवत नाही इतकी हलकी. ५००-६०० एमएम मधून लांबचा रोहित (फ्लेमिंगो) काढला की कडा वितळल्यासारख्या येतात. मी ह्या प्रकारात एक अख्खा सीझन लेन्सला दोष देत बसलो होतो, सर्व्हिस सेंटरलाही दाखवून आलो, लेन्स व्यवस्थित होती. ह्यावर एडिटिंगमध्ये इलाज नाही. सूर्योदयाच्या आधी पोचा आणि दहाला परत फिरा.

भिगवणला कधी जायचं? रोहित नक्की दिसतील का?

भिगवण म्हणजे भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं बॅकवॉटर, पुण्याहून सोलापूर हायवेने साधारण १०० किलोमीटर. कुंभारगाव आणि डिकसळ ह्या बाजूला स्थानिक मासेमारी करणारी मंडळी बोटीतून फिरवतात. सर्वसाधारण सीझन डिसेंबर ते मार्च, पण तारखेपेक्षा पाण्याची पातळी बघा. पाऊस भरपूर झाला आणि धरण तुडुंब असेल तर रोहित उशिरा येतात, कारण त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो, चोच उलटी करून पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खाणारा पक्षी आहे तो. पाणी उतरून दलदल उघडी पडली की येतात. त्यामुळे जायच्या आधी बोटवाल्या दादांना फोन करून "पाणी किती उतरलंय" हे विचारा, "रोहित आलेत का" हा पुढचा प्रश्न.

आणि नुसते रोहित बघून परत येऊ नका ना. पट्टकादंब म्हणजे बार हेडेड गूज हिमालय ओलांडून येतात तिथे. चित्रबलाक, शेकाट्या, नदी सुरय, हळदीकुंकू बदकं, मासा उचलणारा ऑस्प्रे, हवेत एका जागी पंख मारत थांबून सरळ पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या. ह्या कवड्या खंड्याचा एक धड फोटो मिळायला मला तीन हिवाळे लागले आणि तो माझा आजवरचा सगळ्यात आवडता फोटो आहे, रोहितचे शेकडो फोटो असून सुद्धा.

एक युक्ती सांगतो जी कुठल्याही पाणथळ जागी चालते. पक्षी उड्डाण घेताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतात, मोठे पक्षी तर हमखास. रोहित तर आधी पाण्यावरून धावतो आणि मग उचलतो. म्हणजे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीमागून येत असतील तर पक्षी तुमच्या दिशेने उडणार आणि उजेड पण त्याच्या तोंडावर असणार. बोटीत बसल्या बसल्या आधी वारा कुठून येतोय ते बघा.

बोटवाल्याला "जरा उडवा ना त्यांना" असं कधीही सांगू नका. खूप लोक सांगतात, आणि टीप मिळते म्हणून कधी कधी बोट थव्यात घातली पण जाते. प्रत्येक वेळी उठवलं की त्यांचं खाणं बंद होतं आणि उडण्यात ताकद जाते, दिवसात वीस बोटी येत असतील तर विचार करा काय होत असेल. आम्ही निघतानाच सांगतो, दादा, लांबून आणि हळू, इंजिन बंद करून वल्ह्यावर. त्यांनाही तेच आवडतं, आणि तसं थांबलं की थवा स्वतःहून जवळ सरकतो.

बेसिक सेटिंग सांगा ना एकदाच.

पक्षी-प्राणी : मॅन्युअल मोड, ॲपर्चर लेन्सचं सगळ्यात मोठं (एफ ५.६ किंवा ६.३), शटर वर सांगितला तसा, आयएसओ ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००, फोकस कंटिन्युअस. ह्याच्यावर फक्त एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं) चाक फिरवत राहायचं. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा फसतो आणि बगळा जळतो (नुसता पांढरा होऊन तपशील जातो), तिथे उणे ०.७ ते १. उजळ आकाशात घार असेल तर उलटं, अधिक १. ही एक सवय लागली की निम्मं एडिटिंग वाचतं.

डोंगर-दऱ्या : ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन सेकंदांचा टायमर. एफ २२ वर जाऊ नका, सगळं फोकसमध्ये येईल असं वाटतं पण प्रकाश बारीक भोकातून पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. धबधबा रेशमासारखा हवा असेल तर पाव सेकंद ते एक सेकंद, दिवसा त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लागेल.

ताडोब्यात वाघाचा फोटो मिळेलच ना?

मिळेलच असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून बुकिंग करू नका. शक्यता चांगली असते, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, कारण पाणवठे कमी झालेले असतात आणि गवत वाळून जंगल उघडं पडलेलं असतं. चंद्रपुरात तेव्हा ४५ अंशांच्या पुढे जातं हे लक्षात ठेवा, ओला पंचा, पाणी, टोपी आणि ओआरएस सोबत पाहिजेच. कोअर (जंगलाचा आतला गाभा) मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. कोअरमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे, आणि कॅमेऱ्याचे, शुल्काचे नियम बदलत असतात, म्हणून वनविभागाच्या बुकिंगच्या पानावर आदल्या आठवड्यात परत बघा.

जिप्सीमध्ये ट्रायपॉड चालत नाही, बीन बॅग न्या. रिकामी घेऊन जायची आणि तिथे किलो-दोन किलो तांदूळ भरायचे, परत येताना ते ज्यांच्याकडे राहिलात त्यांना द्यायचे. धूळ भयंकर असते, लेन्स बदलायची वेळच येऊ देऊ नका आणि चालत्या गाडीत कॅमेऱ्यावर सुती टॉवेल टाकून ठेवा.

वाघ रस्त्यावर आला की सगळ्यांची एकच चूक होते, ६०० वर झूम करून तोंडाचा क्लोजअप. तसा फोटो लाखो लोकांकडे आहे. जरा मागे या, बांबूचं बन, पांढऱ्या खोडाचा भुत्या, मोहाखालची पानगळ हे सगळं येऊ द्या. ताडोब्याचा वाघ ताडोब्यातला वाटला पाहिजे. पहिल्या पाच सेकंदात क्लोजअप काढून घ्या, मन शांत होतं, मग रुंद फ्रेम घ्या.

आणि वाघाच्या मागे पळताना रानकुत्रे, अस्वल, गवा, ताडोबा तलावातल्या मगरी ह्यांच्याकडे बघायचंच राहून जातं. गाईड दादांना पहिल्याच दिवशी सांगून टाका की आम्हाला सगळंच बघायचंय, ते पण खुलतात, मग सांबराचा कॉल (वाघाची चाहूल लागल्यावर दिलेली धोक्याची हाक) आणि चितळाचा कॉल ह्यात भरवसा कुणावर जास्त ठेवायचा (सांबरावर) असलं बरंच काही शिकायला मिळतं.

सह्याद्रीत लँडस्केपसाठी कुठला महिना चांगला?

पाऊस पडतोय तेव्हा लोक जातात, मी म्हणेन पाऊस उघडतो तेव्हा जा. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे, हवा धुतलेली असते, लांबचे डोंगर एकामागे एक स्वच्छ दिसतात, सोनकीने पठारं पिवळी झालेली असतात आणि ढगही असतात. नोव्हेंबरनंतर धुरकट व्हायला लागतं, पण मग पहाटे दऱ्यांमध्ये धुकं साचतं, त्याची वेगळी मजा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे तो सूर्यास्ताचा. तिथे सकाळी कधी समोर दरीत ढग आणि पाठीमागे अजून खालीच असलेला सूर्य असा योग आला तर इंद्रवज्र दिसतं, गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. ते दिसलं तर आधी डोळे भरून बघा, एक-दोन मिनिटांत जातं. कडा ओला असताना पुढे जाऊन वाकून फोटो काढू नका, पोटावर झोपून सुद्धा नको.

कास पठार साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटर, पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून आहे. फुलांच्या सीझनला आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. शनिवार-रविवार टाळा. फुलांवर पाय देऊन, झोपून काढलेला फोटो मला कोणी दाखवू नये, खरंच. पायवाटेवरून ७०-२०० ची लेन्स लावून फुलांचे थर एकमेकांना चिकटल्यासारखे काढता येतात आणि ते जास्त देखणे दिसतात.

पावसाळ्यातले फोटो फिके, पांढरट येतात, काय करू?

पोलरायझर फिल्टर घ्या, लँडस्केपसाठी एकच फिल्टर घ्यायचा असेल तर हाच. ओल्या पानांवर, ओल्या कातळावर आकाशाची चकाकी असते ती पांढरी दिसते, फिल्टर फिरवला की चकाकी जाते आणि खालचा खरा हिरवा वर येतो. सॉफ्टवेअरमध्ये हे करता येत नाही, कारण चकाकीखालचा रंग फाईलमध्ये आलेलाच नसतो.

कॅमेरा भिजला, बुरशी, दमट हवा, काळजी कशी घ्यायची?

बाहेर असताना प्लॅस्टिकची पिशवी, रबरबँड आणि दोन मायक्रोफायबर कापडं. घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत कोंबून ठेवू नका, पंख्याखाली उघडा ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून, आत एक छोटं आर्द्रता दाखवणारं मीटर, ४० ते ५० टक्के असलं की झालं. त्याच्याखाली फार कोरडं पण नको. जमलं तर इलेक्ट्रिक ड्राय बॉक्स घ्या. आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून वापरणं, कपाटात तीन महिने अंधारात पडलेल्या लेन्सलाच बुरशी लागते.

काजव्यांचे ते झाड भरून असलेले फोटो खोटे असतात का?

खोटे नसतात, पण एका क्षणाचेही नसतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ह्या भागात काजवे चमकतात. ट्रायपॉडवर एफ २.८, आयएसओ १६०० च्या आसपास, २०-३० सेकंदांचे वीस-तीस फोटो ओळीने काढायचे आणि नंतर एकावर एक रचायचे, लायटन मोडमध्ये (प्रत्येक ठिकाणी जास्त उजळ असेल तेच ठेवणारा मोड). फोटो टाकताना "तीस फोटो एकत्र केलेत" हे लिहा, बघणाऱ्याला खरं काय ते कळलं पाहिजे.

काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. आपण गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाईल लावला की ती हाक पोचतच नाही. गेल्या काही वर्षांत त्या भागात गर्दी इतकी वाढलीय की रस्त्यावर गाड्यांची रांग असते, रात्री मुलं झाडाखाली गवत तुडवत फिरतात आणि त्याच गवतात माद्या असतात. मी आता तिकडे जाणं बंद केलंय. तुम्ही जाणारच असाल तर गावात मुक्काम करा, गावकऱ्यांबरोबर चालत जा, उजेड लावू नका.

रॉ मध्ये काढू की जेपेग?

रॉ. जेपेग ८ बिटची असते म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. सावलीतला सांबर उजळायचा असेल किंवा बगळ्याच्या पिसांमधला तपशील परत आणायचा असेल तर ह्या पायऱ्या कामाला येतात. एडिटिंग करायचंच नसेल तर जेपेग चांगली आहे, त्यात काही कमीपणा नाही.

एडिटिंग कसं करता? कुठलं सॉफ्टवेअर?

मी लाइटरूम वापरतो. पैसे द्यायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत आणि खरोखर ताकदीचे आहेत, शिकायला थोडा वेळ लागतो एवढंच. मोबाईलवर स्नॅपसीड.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी निवड, आणि निवडताना निर्दय व्हा. भिगवणच्या एका सकाळचे हजार-बाराशे फोटो येतात, त्यातले मी तीस ठेवतो, दाखवतो तीन. पहिल्या फेरीत फक्त डोळा शार्प आहे का बघायचं, नसेल तर फोटो गेला. दुसरी फेरी दोन दिवसांनी करा, त्याच दिवशी सगळेच फोटो आवडतात.

मग व्हाइट बॅलन्स (म्हणजे रंगांचा तोल). ताडोब्यात हिरव्या झाडीखाली वाघाच्या पांढऱ्या गालांवर हिरवट झाक येते, टिंट थोडा जांभळ्याकडे सरकवला की जाते. पहाटेच्या फोटोतला सोनेरीपणा मात्र "दुरुस्त" करून टाकू नका, तो खरा होता. मग एक्स्पोजर, हायलाइट खाली, शॅडो थोडेसेच वर. सगळ्या सावल्या उघडल्या की जंगल सपाट दिसतं, थोडा अंधार राहू द्या. क्षितिज सरळ करा, पाण्याची रेघ तिरकी असेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी डोळ्याला टोचतं. क्रॉप करताना पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडा.

रंगांमध्ये दोन जागी सगळे घसरतात, मी पण घसरलोय. एक, रोहितचा गुलाबी. खरा रोहित बराचसा पांढरा असतो, गुलाबी-लाल असतो तो पंखांच्या आतल्या भागात, पिल्लं तर करडी असतात. सॅच्युरेशन वाढवलं की लाल चॅनेल भरून जातो आणि पिसांच्या रेषा गायब होऊन नुसता रंगाचा डाग राहतो. हिस्टोग्राममध्ये (फोटोतल्या उजेडाच्या आलेखात) लाल रंग उजव्या भिंतीला चिकटला की थांबा. दोन, सह्याद्रीचा हिरवा. पावसाळ्यात तो मुळातच इतका असतो की कॅमेरा त्याला पोपटी-पिवळा करतो. तिथे सॅच्युरेशन कमी करा, हिरव्या-पिवळ्याची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी खाली आणा, मग ते भिजलेलं गार गवत वाटायला लागतं.

शेवटी नॉइज आणि शार्पनिंग, तेही मास्क लावून फक्त पक्ष्यावर, मागच्या पाण्यावर नको. हल्लीचे एआय नॉइज काढणारे प्रकार खूप चांगले आहेत, आयएसओ ६४०० चा फोटो सहज वापरता येतो, पण ते पूर्ण जोरात चालवू नका, पिसांचं प्लॅस्टिक होतं. वेबसाठी एसआरजीबी (स्क्रीनसाठीची नेहमीची रंगपद्धत), लांब बाजू २०४८ पिक्सेल, झालं.

एवढं एडिटिंग केलं तर ती फसवणूक नाही का?

माझी रेघ अशी आहे : उजेड, रंग, क्रॉप, नॉइज, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढणं, हे सगळं चालतं. नसलेली वस्तू घालणं किंवा असलेली काढणं नाही. चंद्र मोठा करून चिकटवणं, आकाश बदलणं, वाघासमोरची फांदी पुसणं, दुसऱ्या फोटोतला पक्षी आणून थवा मोठा करणं, हे करायचं असेल तर सांगून करा, कला म्हणून करा. वन्यजीवांचा फोटो बघणारा माणूस हे घडलंय असं समजून बघत असतो.

आणि खोटेपणा फक्त एडिटिंगमध्ये असतो असंही नाही. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ह्या स्पर्धेत २००९ चा पहिला आलेला फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो नंतर बाद झाला, कारण परीक्षकांच्या मते तो लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकवलेला होता. फोटोत एडिटिंगचा प्रश्नच नव्हता.

घरट्याचा फोटो काढला तर काय बिघडतं? आणि कॉल वाजवला तर?

घरट्याजवळ आपण उभे राहिलो की आईबाप येत नाहीत, पिल्लं उन्हात आणि उपाशी राहतात, आणि आपण दाखवलेल्या वाटेने कावळा, मांजर नंतर येतात. समोरची पानं-फांद्या "नीट दिसावं म्हणून" तोडणारे लोक मी स्वतः बघितलेत, त्या पानांनीच तर सावली आणि आडोसा दिलेला असतो. बऱ्याच स्पर्धा आता घरट्याचे फोटो घेतच नाहीत. लांबून दिसलं तर दुर्बिणीने बघा आणि निघा.

कॉल वाजवणं, म्हणजे पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावणं, हे त्या पक्ष्याला सांगणं की तुझ्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. तो सगळं सोडून भांडायला येतो. एका झाडाजवळ रविवारी सकाळी पाच ग्रुपनी तेच केलं तर त्याची पूर्ण सकाळ त्यात जाते. अळ्या ठेवून, उंदीर सोडून काढलेले फोटोही मला नको वाटतात. आंबोलीत पावसाळ्यात बेडूक, साप बघायला जाल तेव्हा त्यांना उचलून "चांगल्या" पानावर ठेवू नका, बेडूक कातडीतून श्वास घेतो आणि आपल्या हातावर डास पळवायचं मलम असतं.

बिबट्या बघायला जुन्नरच्या उसात जाऊ नका. तिथल्या लोकांना रोज त्या भीतीत राहावं लागतं, आपण हौसेखातर त्यात भर घालायला नको.

घुबडाचं नेमकं लोकेशन द्याल का?

नाही. जवळच्या मित्रांनाही नाही देत. घुबड, खवले मांजर, लांडग्याची गुहा, ह्यातलं काहीही फोटोबरोबर जागेसकट टाकू नका, आणि फोटोच्या फाईलमधलं जीपीएस एक्स्पोर्ट करताना काढून टाका.

ड्रोन उडवू का?

अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात नाही. परवानगीशिवाय किल्ल्यांवर पण नाही. पाणथळ जागी तर अजिबात नको, पक्ष्यांना ती शिकारी घारच वाटते.

पक्ष्याचं नाव कसं ओळखायचं?

मर्लिन ॲप फुकट आहे, फोटोवरून आणि आवाजावरून सांगतं, चुकतं पण कधी कधी. ईबर्डवर यादी टाकत जा, तुमच्या नोंदी अभ्यासकांच्या कामाला येतात. आणि मराठी नावं शिका हो, शिंपी, शिंजीर, चंडोल, धाविक, भोवत्या, किती नेमकी नावं आहेत. माळावरच्या धनगर काकांना "हॅरियर (म्हणजे भोवत्या) दिसला का" विचारून काही उत्तर मिळणार नाही, आणि त्यांच्याइतकं त्या माळाबद्दल कुणालाच माहीत नसतं.

फोटो साठवायचे कसे?

२४ मेगापिक्सेलची एक रॉ साधारण २५-३० एमबी. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी एक हार्ड डिस्क अचानक बंद पडली आणि दोन वर्षांचे फोटो गेले, तेव्हापासून एक डिस्क भावाकडे असते.

प्रिंट काळपट येतात, का?

लॅपटॉपचा ब्राइटनेस जास्त असतो म्हणून. निम्म्यावर आणून एडिट करा, आधी छोटी प्रिंट मारून बघा. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयवर २० बाय १३ इंच होतो, भिंतीसाठी भरपूर. प्रिंट काढाच. मी दर वर्षी बोटवाल्या दादांना दोन-तीन प्रिंट नेऊन देतो, त्यांच्या ओटीवर आता ओळीने लावलेल्या आहेत.

ह्यातून पैसे मिळतात का?

मला नाही मिळाले. मिळवणारे लोक टूर नेतात, शिकवतात. नोकरी सोडू नका.

तेच तेच भिगवण, तेच पक्षी, कंटाळा नाही येत?

ह्या जानेवारीत गेलो तेव्हा सकाळी इतकं धुकं होतं की बोटीच्या पुढचं टोक दिसत नव्हतं. दीड तास काहीच दिसलं नाही, फक्त आवाज, कुठेतरी डावीकडे रोहितांचा गलका, वर पट्टकादंबांची हाक. दादांनी चहा काढला थर्मासमधून. मग धुकं जरा विरळ झालं आणि दहा-बारा हातांवर एक शेकाट्या एका पायावर उभा होता, बहुतेक सगळा वेळ तिथेच असणार. सात फोटो काढले, १/८००, आयएसओ १६००, एडिटिंगमध्ये फक्त क्षितिज सरळ केलं. पुढच्या शनिवारी परत चाललोय.